जुना सोलर इन्व्हर्टर बॅटरीला जोडण्यापूर्वी

महोदय,
भंगारातला ग्रिड-टाय (म्हणजे वीजवाहिनीला जोडूनच चालणारा) सोलर इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडला की काम झाले, हा समज घातक आहे. बाहेरून एसी व्होल्टेज मिळाल्याशिवाय तो वीज देतच नाही. शिवाय त्याची डीसी बाजू बहुधा शेकडो व्होल्टची, घरची बॅटरी ४८ची. आधी स्वतः ग्रिड, म्हणजे वीजवाहिनीसारखा एसी पुरवठा, तयार करणारा बॅटरी इन्व्हर्टर घ्यावा आणि जुना त्याच्या एसी बाजूला जोडावा. बॅटरी भरल्यावर नव्या इन्व्हर्टरने एसीची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तने) वाढवून जुन्याला थांबवण्याची सोय हवीच, नाहीतर बॅटरी ओव्हरचार्ज होते. ४८ व्होल्टवर ३ किलोवॉट म्हणजे ६२.५ अँपिअर! एवढ्या प्रवाहासाठी फ्यूज डीसीचाच, बॅटरीच्या टर्मिनललगत बसवा. जुन्या इन्व्हर्टरचे झाकण उघडण्याआधी पॅनेल व एसी दोन्ही तोडा. तरीही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज उरतो. काही मिनिटे थांबून मल्टिमीटरने तो उतरल्याची खात्री केल्याशिवाय हात घालू नका.

– एक वाचक