ॲनाटॉमीच्या मॅडमना, मनापासून

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, ही नुसती घोकंपट्टी, हे ऐकूनच आम्ही वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आलो होतो. तुम्ही ती तशी होऊ दिली नाहीत, म्हणून हे आभाराचं पत्र.

चेहऱ्याचं डिसेक्शन चालू असताना तुम्ही नाकाच्या कडेचा एक चिंचोळा स्नायू फोर्सेप्सनं अलगद उचललात आणि त्याचं भलंमोठं लॅटिन नाव फळ्यावर तोडून लिहिलंत: लेव्हेटर लेबिआय सुपीरिऑरिस अलीक्वे नेझाय. लेव्हेटर म्हणजे उचलणारा. कशाचा? उत्तर पुढच्या षष्ठीत. लेबियम म्हणजे ओठ, त्याची षष्ठी लेबिआय. सुपीरिऑरिस म्हणजे ‘वरच्या’. ओठ षष्ठीत, म्हणून त्याचं विशेषणही षष्ठीत. आला म्हणजे पंख, इथे नाकपुडीची बाहेरची पाळी. नेझाय म्हणजे नाकाच्या. राहिला तो मधला ‘क्वे’. तो म्हणजे ‘आणि’, पण शब्दाच्या मागे चिकटणारा. तुम्ही शेजारी ‘रामः लक्ष्मणश्च’ लिहिलंत आणि म्हणालात, हा ‘क्वे’ आणि आपला ‘च’ एकाच मुळातून आलेत. दहावीला मार्कांसाठी घेतलेलं संस्कृत डिसेक्शन टेबलाशी कामाला येईल, असं कुणाच्या मनातही नव्हतं! वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा, एवढं कळल्यावर त्या स्नायूचं काम वेगळं पाठ करावं लागलं नाही.

मग हाताची पाळी आली. फ्लेक्सर म्हणजे वाकवणारा. डिजिटोरम, म्हणजे ‘बोटांचा’, हे षष्ठीचं अनेकवचन, म्हणून फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसच्या कंडरा चार बोटांना जातात. डिजिटाय मिनिमाय एकवचन, म्हणून तो स्नायू फक्त करंगळीचा. आणि ‘प्रोफंडस’, म्हणजे खोल, हे विशेषण बोटांचं नाही, फ्लेक्सरचं. प्रत्यय जुळतो तो त्याच्याशी. फीमर म्हणजे मांडीचं हाड, त्याची षष्ठी फेमोरिस, म्हणून तिथली धमनी फेमोरल. बायसेप्समधला शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही. शब्दाचा अर्थच ‘दोन डोक्यांचा’: एका दंडात बायसेप्स एकच, त्याची डोकी, म्हणजे वरची टोकं, दोन.

यातलं काहीही परीक्षेच्या पोर्शनमध्ये नव्हतं. तरी हॉल रिकामा झाल्यावर तुम्ही थांबायचात, कुणी एखादं नाव घेऊन आलं की खडू उचलायचात. आज वॉर्डात अनोळखी नाव समोर आलं, की मी आधी शेवटचा प्रत्यय बघते.

एक विनंती आहे. फाउंडेशन कोर्समध्ये या षष्ठीसाठी दोन तास मिळवता आले तर बघा. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात हे मिळायला हवं.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी