कोट काढून ठेवलाय

कार्डिफ,
रविवार दुपार

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालीस, "आई, माळ्यावरचं सगळं टाकून दे, काही जपत बसू नकोस." टाकतेय गं. दोन तुटक्या सुटकेसी गेल्या, तुझा अर्धवट विणलेला स्कार्फ गेला, बाबांची वैद्यकीय मासिकं सहा पोती गेली (एक पोतं ते पुन्हा आत घेऊन आले). एक कोट मात्र मी बाजूला काढून ठेवलाय. त्याचं सांगायला घेतलं की तू नेमकी गाडी चालवत असतेस, म्हणून हे पत्र. मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे.

मंगळवारी आम्ही एक फ्लॅट बघून आलो. शहरात, द हेज नावाच्या रस्त्यावर. निघतानाच मला ठाऊक होतं की ही इमारत डेव्हिड मॉर्गनची, त्या जुन्या मोठ्या दुकानाची. बाबांना नव्हतं, ते आपले पार्किंगची चौकशी करत होते. एजंट म्हणजे मिशी नुकती फुटलेला पोरगा. त्यानं लिफ्टनं वर नेलं, दार उघडलं आणि जुन्या खिडक्या कौतुकानं दाखवल्या. मी म्हटलं, "अरे, इथेच कुठेतरी मी कोट घेतला होता." तो "ओ, लव्हली" म्हणाला आणि ओव्हन दाखवायला वळला. त्याचं काय चुकलं म्हणा. 2005 च्या जानेवारीत ते दुकान बंद झालं, तेव्हा तो बालवाडीत असेल.

आम्ही 1976 च्या नोव्हेंबरात इथे वेल्समध्ये आलो. माझ्याकडे साताऱ्याहून आणलेला एक स्वेटर आणि एक शाल, बस्स. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर भुरभुरतो, आणि साडीच्या निऱ्या घोट्यापर्यंत भिजल्या की दुपारपर्यंत वाळत नाहीत. बाबा हीथच्या मोठ्या हॉस्पिटलात, एक रात्र घरी तर दोन रात्री तिकडे. शेजारच्या म्हातारीनं मला खिडकीतून कुडकुडताना पाहिलं आणि येऊन सांगितलं, कोट आत्ता घेऊ नकोस, जानेवारीपर्यंत कळ काढ, मॉर्गनचा सेल लागतो. मी कळ काढली. दोन महिने शालीवर काढले, हे सातारला कोणाला कळवलं नाही.

सेलच्या दिवशी उघडायच्या आधीच बायका रांगेत उभ्या. व्हॅलीतून, म्हणजे उत्तरेच्या कोळसाखाणींच्या गावांतून, पहाटेच्या गाडीनं आलेल्या. डेव्हिड मॉर्गन स्वतः मूळचा त्याच बाजूचा, आधी तिकडे वर दुकान चालवलं आणि 1879 साली हेजवर आला, त्यामुळे त्या बायकांना ते आपल्याच माणसाचं दुकान वाटे. आत गेलं की मात्र चक्रव्यूह. एकेक इमारत घेत घेत दुकान वाढलेलं, मधे चार पायऱ्या चढा, पुढे तीन उतरा. त्यातूनच मॉर्गन आर्केड जाते, 1896 ची, आणि पलीकडे रॉयल आर्केड, ती तर 1858 ची. आर्केड म्हणजे वर काचेचं छप्पर घातलेला बोळ. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, तुळशीबागेला कोणीतरी छत्री धरलीय.

कोट गडद हिरवा, लोकरीचा, अठरा पौंडाला. बाही दोन बोटं लांब. काउंटरवरची बाई पन्नाशीची, गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी. तिनं मला आरशापुढे उभं केलं, "आर्म्स डाउन, लव्ह" म्हणत बाहीला टाचण्या लावल्या आणि म्हणाली गुरुवारी ये, वर आमच्या बायका करून देतील. मला 'लव्ह' म्हणणारं इथलं पहिलं माणूस ते. घरी येऊन मी बाबांना विचारलं, ही बाई अशी का बोलली? ते हसून हसून बेजार.

गुरुवारी कोट आणला आणि पहिलं काय केलं असेल, तर बाही उलटी करून शिवण पाहिली. तुला माहीत आहे माझी खोड. टाके एकसारखे, अस्तर न ओढता उचललेलं, आणि कापड कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलेलं. पुढे कधी बाही सोडायची झाली तर सोडता यावी म्हणून. मी त्या बाईला म्हटलं, मलाही हे येतं. माझ्या त्या वेळच्या इंग्रजीत ते नक्की कसं निघालं देव जाणे, पण तिला कळलं. मॉर्गनमध्ये जागा नव्हती. तिनं आर्केडमधल्या एका छोट्या दुकानाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. तिथून मी दर आठवड्याला पिशवीभर स्कर्ट आणि पॅन्ट घरी आणू लागले: खालची पट्टी उचलणं, कंबर सैल करणं, काजं-बटणं. तू लहानपणी ज्या बटणांच्या डब्याशी खेळायचीस तो डबा त्या कामाचा. तुझे पियानोचे पहिले चार महिने त्या पट्ट्यांवर निघाले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तू पियानो सोडलास.

आता हॉवेल्स, शहरातलं दुसरं मोठं दुकान. तुला हॉवेल्स म्हणजे तू हरवलीस ती जागा. तिथे आम्ही विकत फारसं काही घेत नव्हतो, खरं सांगते. सेंट मेरी स्ट्रीटवरचे ते खांब पाहूनच पाकीट आवळून धरावंसं वाटे. जेम्स हॉवेल पेम्ब्रोकशायरचा शेतकऱ्याचा मुलगा, पण मालक झाल्यावर त्यानं रिचमंड रोडवर असं घर बांधलं की पुढे शहराच्या महापौरांना तेच मॅन्शन हाउस म्हणून राहायला दिलं. आम्ही जायचो ते थंडीत ऊब घ्यायला आणि खाली फूड हॉलमध्ये वास घ्यायला. वास फुकट होता.

तर तू पाच वर्षांची. मी हातमोजे बघत होते, वळले तर तू नाहीस. माझं काय झालं असेल! तू सापडलीस पुरुषांच्या सुटांमध्ये. तो भाग मूळचा चर्च, बेथनी नावाचं बॅप्टिस्ट चॅपल. दुकान त्याच्या भोवतीनं वाढत गेलं आणि साठच्या दशकात चॅपलच पोटात घेतलं. म्हणून तिथे शर्टांच्या रॅकमागे अचानक चॅपलचे खांब. भिंतीवर रॉलिन्स व्हाइटच्या स्मरणाचा फलक होता आणि तू त्यातलं एकेक अक्षर बोटानं लावून वाचत होतीस. मला पाहून रडली नाहीस, उलट विचारलंस, "आई, बर्न्ट म्हणजे भाजलं?"

हा रॉलिन्स व्हाइट कार्डिफचा कोळी. 1555 मध्ये मेरी राणीच्या काळात त्याला धर्मासाठी याच शहरात जिवंत जाळलं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून त्यानं आपल्या लहान मुलाला शाळेत घातलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर त्याच्याकडून बायबल वाचून घ्यायचा. हे मला नंतर कळलं, तू दहा-अकरा वर्षांची असताना, आणि त्या वेळी माझी सगळी सरकारी पत्रं तूच मला वाचून दाखवत होतीस. इंग्रजी मला वाचता येई, पण त्या पत्रांतलं इंग्रजी वेगळंच. जेवणानंतर, टेबलावरच. त्या फलकाशी मी नंतर बऱ्याचदा जाऊन उभी राहिलेय. विक्रेत्या मुलाला वाटे, नवऱ्यासाठी सूट बघतायत.

सगळं गोड होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. एक दुकान होतं, नाव लिहीत नाही, तिथे साडी नेसून आणि कापडी पिशवी घेऊन गेलं की एक माणूस दोन रॅक सोडून मागे मागे यायचा. मी थांबले की तो टाय बघायचा. तीन वेळा झालं, मग मी तिथे जाणं सोडलं. आणि मापं! या सगळ्या दुकानांत माझ्या उंचीच्या बाईसाठी काही शिवलेलंच नसे. प्रत्येक गोष्ट आणून उसवायची. कदाचित म्हणूनच मला काम मिळालं, सगळ्या ठेंगण्या बायका माझ्याकडे यायच्या.

मग एकेक जात राहिलं. क्वीन स्ट्रीटवरचं सेकम्स आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षीच. सी अँड ए 2001 मध्ये देशातूनच गेलं, त्यांच्याकडून घेतलेला तुझा लाल रेनकोट आठवतो? वुलवर्थ्स 2009 च्या जानेवारीत. त्याच वर्षी हेजच्या दक्षिण टोकाला जॉन लुइस उघडलं आणि आम्ही सगळे तिकडे धावलो, मीही. बीएचएस 2016, डेबनहॅम्स 2021. हॉवेल्सवर हाउस ऑफ फ्रेझरची पाटी लागली होती तरी आम्ही हॉवेल्सच म्हणायचो, तेही 2023 मध्ये गेलं. तेव्हा शेवटच्या आठवड्यांत बाबा म्हणाले, जाऊन येऊ. मी गेले नाही. रिकामे रॅक काय बघायचे, आणि शिवाय तेव्हा माझ्या अंगात इंटरनेटवरून मागवलेलं जाकीट होतं. दुकानं कोणी बंद केली म्हणून मोठ्यानं बोलायला मला तोंड नाही.

फ्लॅट आम्ही घेत नाही आहोत. पार्किंग नाही, आणि बाबांना रात्री आर्केडच्या बाजूनं येणारा आवाज चालणार नाही. मला विचारशील तर मला आवडला होता. एजंट आणि बाबा स्वयंपाकघरात असताना मी बाहेरच्या खोलीत हात खाली सोडून उगाच सरळ उभी राहिले.

कोट अजून उत्तम आहे. कसर लागलेली नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र जाता जाणार नाही, चार दिवस बाहेर वाऱ्यावर लाव. तुझे हात माझ्यापेक्षा लांब, म्हणून काल दुपारी बाही उलटी केली. त्या बायकांनी आत दुमडलेलं कापड तसंच आहे, दोन बोटं, रंग बाहेरच्यापेक्षा गडद. ते सोडलं तर जुन्या घडीची एक रेघ दिसेल, वाफेची इस्त्री फिरवली तरी पूर्ण जाणार नाही. चालेल ना?

खांद्यापासून मनगटापर्यंतचं माप कळव. कोपर किंचित वाकवून घे, आणि टेप ओढू नकोस.

तुझी,
आई