माझे गुडघे दुखत नव्हते

प्रिय माऊ,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, मेमध्ये मैत्रिणींना घेऊन परत किंग कॅन्यनला जातेय, या वेळी वासन शिखर गाठणारच." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये काही दम नव्हता, म्हणून हे लिहितेय.

ॲरिझोनातल्या त्या वाळवंटी डोंगरात आपण गेलो ते फेब्रुवारीत. हवा छान गार, तरी तुझ्या पिशवीतलं निम्म्याहून जास्त पाणी मीच प्यायले. ट्रेल 'मध्यम' आहे असं तू सांगितलं होतंस. ते चढाचं आणि अंतराचं झालं, उन्हाचं नाही. मेमध्ये टूसॉनला पारा सहज पस्तिशीच्या वर जातो, आणि सावली म्हणावी तर सवारोची, त्या उंच निवडुंगाची, म्हणजे खांबाएवढी! माणूस त्यात अंग चोरून उभा राहिला तरच मावेल. (त्याच्या Saguaro या स्पेलिंगमधला 'जी' बोलताना कुठे जातो, ते मला अजून कळलेलं नाही.) तेव्हा उन्हात दर तासाला माणशी लिटरभर पाणी धर. कोणी म्हणालं की पिंपासारखा जाड निवडुंग कापला की आत पाणी मिळतं, तर ऐकू नकोस. तो रस पोटाला बाधतो.

पहाटे निघ. तिथे सव्वापाच-साडेपाचला उजाडतं. आणि हे नुसतं उन्हासाठी नाही. मेमध्ये सवारोला फुलं येतात, पांढरी, मेणासारखी. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. रात्री वटवाघळं येऊन जातात, सकाळी पांढऱ्या पंखांचे होले आणि मधमाश्या. नऊपर्यंत लोळत पडलीस तर गारवा जाईल आणि वर पोचेपर्यंत फुलंही मिटायला लागतील. मला फेब्रुवारीत एकही फूल दिसलं नाही, तेवढा हेवा वाटतोच.

चोया, ती फांद्याफांद्यांची काटेरी निवडुंगाची जात, मात्र बाराही महिने तशीच. त्या टेडी बेअर चोयाला लांबून बघून मी "किती मऊ दिसतेय" म्हटलं, आणि पाच मिनिटांत तिचा एक तुकडा माझ्या पोटरीला. लोक म्हणतात ती उडी मारते. उडीबिडी काही नाही, तिचे सांधेच इतके सैल की नुसता ओझरता स्पर्श झाला तरी तुकडा सुटून येतो. काट्यांना उलटे खवले असतात, म्हणून आत जाताना लोण्यात सुरी, बाहेर येताना बोंब. मी वेड्यासारखा हात घालणार होते, तू ओरडलीस म्हणून वाचले. मग तू कंगवा तुकड्याखाली सरकवून तो झटक्यात उडवलास. कंगवा घेतल्याशिवाय निघू नकोस, आणि मागे राहिलेल्या काट्यांसाठी चिमटा. कुणालाही दुसऱ्या हाताने ओढू देऊ नकोस, नाहीतर दोन हात अडकतात.

आणि पायवाट सोडू नका. सापाचं तुला माहीत आहे, जिथे दिसत नाही तिथे हातपाय घालायचा नाही. पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी सांगतेय. फोटोसाठी तू पालो वेर्देच्या झाडाखाली शिरलीस, तेव्हा तुझ्या बुटाशेजारी करंगळीएवढा सवारो होता. मी तुला खेचलं तर चिडलीस. अगं, पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, तेही अशा एखाद्या झाडाच्या आडोशाला, ऊन आणि थंडी चुकवत. पहिला हात फुटायला साधारण 50 ते 75 वर्षं. तुझ्या बुटाखाली येणारा तो आठाहून जास्त वर्षांचा असणार.

आता खरं सांगते. ओढ्याच्या कोरड्या पात्रातली, तिथे शेकडो वर्षांपूर्वी राहणाऱ्या होहोकाम लोकांची खडकांवरची चित्रं पाहून आपण वर गेलो, खिंडीत पोचलो, शिखर समोर दिसत होतं, आणि मी म्हटलं, गुडघे दुखतायत, परत फिरूया. तू परत येईपर्यंत गप्प होतीस. गुडघे ठणठणीत होते गं. पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं आणि तू तुझ्या वाटणीचं मला देत होतीस, वर "मला तहान नाही" म्हणत. पाणी म्हटलं असतं तर तू वाद घातला असतास. गुडघ्यांशी कोण वाद घालणार?

पाणी अर्धं झालं की परत फिरायचं, मग शिखर हातभर लांब का असेना. मैत्रिणींपैकी कोणी हट्ट धरलाच, तर बिनधास्त सांग, तुझे गुडघे दुखतायत.

तुझी,
आई