निपाणीच्या अण्णांना, मनापासून आभार

सप्रेम नमस्कार अण्णा,

उद्यमबागेत आमच्या प्रेस कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आता लॅपटॉपवर बिल्ड होऊन थेट ३२-बिट आर्म बोर्डावर चालतंय, ते तुमच्यामुळे. तुमच्याआधी पैसे मोजून ज्यांना बोलावलं, त्यांनी बिल्डआधी यंत्राची माहिती गोळा करणाऱ्या तयार कॉन्फिगर स्क्रिप्टमध्येच हात घातला. ती स्क्रिप्ट नव्याने तयार करणाऱ्या ऑटोरीकॉन्फच्या पुढच्या फेरीत ते सगळं पुसलं गेलं. वर आम्हालाच ऐकवून गेले, ‘बोर्डावरच कंपाइल करा.’

तुम्ही मात्र ती स्क्रिप्ट जिच्यातून तयार होते, ती कॉन्फिगर डॉट एसी फाइलच थेट उघडलीत. आमची स्क्रिप्ट सी भाषेतल्या ‘लाँग’ या पूर्णांक प्रकाराचा आकार लॅपटॉपच्या जीसीसी कंपायलरने मोजायची आणि ८ बाइट धरून बसायची. ३२-बिट आर्मवर तो ४ आहे. तिथे तुम्ही चेक साइझऑफ मॅक्रो घातलात, त्याला प्रोग्राम चालवावाच लागत नाही, कंपाइल केल्यावरच उत्तर मिळतं. सीआरसी टेबल (डेटातली चूक पकडायचा तक्ता) काढणारा प्रोग्राम बिल्डमध्ये लॅपटॉपवरच चालवावा लागतो, पण तो आर्म कंपायलरने बांधला जायचा आणि बिल्ड चालवणारं मेक ‘एक्झेक फॉरमॅट एरर’वर अडायचं. त्याला सीसी फॉर बिल्ड, म्हणजे लॅपटॉपचाच कंपायलर, दिलात. लायब्रऱ्या शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा पाथ वाढवून भागत नाही, लॅपटॉपच्या लायब्रऱ्या तरीही सापडतात. त्याचा मूळ शोधमार्ग, म्हणजे लिबडिर, बदलूनच त्या बाजूला पडतात, हेही तुम्हीच दाखवलंत.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती तुम्ही पाठवलेली छोटी कॉन्फिग डॉट साइट फाइल. क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठी बिल्ड करताना, कॉन्फिगरला चाचणी प्रोग्राम चालवता येत नाही, म्हणून काही उत्तरं आपणच द्यावी लागतात. कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं जुनं ऑटोकॉन्फ अशा वेळी मॅलॉक शून्यची चाचणी (मेमरी देणाऱ्या मॅलॉककडे शून्य बाइट मागितले तर पत्ता मिळतो का) ‘नाही’ धरतं आणि लिंक करताना त्याच्या बदलीचं आरपीएल_मॅलॉक सापडत नाही म्हणून सगळं थांबतं. नुसतं ‘यस’ लिहून तुम्ही मोकळे झाला असतात, तरी आमचं काम झालंच असतं. तुम्ही प्रत्येक उत्तराच्या वर एक ओळ लिहिलीत: हे बोर्डावर कसं तपासलं, कोणत्या सी लायब्ररीवर, आणि दुसऱ्या बोर्डाला ते का लागू होणार नाही. तेही साध्या मराठीत, आमच्या नव्या पोरांना कळेल असं. ज्ञान हातात ठेवून माणसाला अडवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही आम्हाला तुमच्यावर अवलंबून ठेवलं नाहीत, अण्णा. हे फार मोठं आहे.

६४-बिट आर्म बोर्डाची फाइल आम्ही आता वेगळी लिहायला घेतली आहे, प्रत्येक उत्तरावर कारणासकट. झाली की तुमच्या नजरेखालून घालायला पाठवतो.

आपले,
उद्यमबागेतली कंट्रोलर मंडळी, बेळगाव