मी बोलावलं होतं

चि. शमू यास,
सप्रेम सलाम.

काल फोनवर तू म्हणालास, "अण्णा, माझ्याच्यानं व्हायचं नाही. रविवारी उपदेशाला दुसऱ्या कोणाला उभं करायला सांगतो." मी 'प्रार्थना कर' म्हणून फोन ठेवला. तुझी माय तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

तुझं अडखळणं मला ठाऊक आहे. चौथीत असल्यापासून 'प' आला की तुझा गळा दाटतो, आणि आपल्या शास्त्रात 'प'शिवाय पान नाही. परमेश्वर, पाप, पवित्र. मोशेची जीभ जड होती हे तुला सगळेच सांगत असतील, मी सांगत नाही. मला शेतकरी म्हणून गिदोन जवळचा. बायबलात शास्तेचा सहावा अध्याय काढ. तो गहू झोडतोय, पण कुठं? द्राक्षकुंडात. अरे, खळं उघड्यावर लागतं, वाऱ्याच्या तोंडाला. खड्ड्यात भूस सगळं अंगावर, उपणायला वारा कुठला? पीक लुटणाऱ्या मिद्यान्यांच्या धाकानं असा दडून बसलेला, डोळ्यांत कुसळं, आणि देवाचा दूत त्याला म्हणतो, पराक्रमी वीरा! तोही म्हणालाच की, माझं घराणं सगळ्यांत दुबळं, त्यात मी धाकटा. पुढं देवानं बआल या परक्या दैवताची वेदी पाडायला सांगितली ती त्यानं पाडली, पण रात्री, घरच्यांना आणि गावाला भिऊन. भीत भीत केलेलं देवाला चाललं. तेव्हा हिंमत यायची वाट बघू नको, पहाटे उठून मोठ्यानं वाचत जा, तो मोबाइल जरा बाजूला... लागलो बघ शिकवायला. माफ कर.

विचारायचं होतं ते वेगळंच. पाळक व्हायला तू माझ्यासाठी तर गेला नाहीस ना?

२०१२ आठवतं? मोसंबीची बाग वाळत होती, टँकरच्या पाण्यात मायच्या पाटल्या गेल्या होत्या. बोअरची गाडी आली त्या रात्री मी बांधावर बसून बोललो, पाणी लागलं तर हे लेकरू तुझं. पहाटे आधी धूळ उडाली, मग चिखल, मग पाणी. तू झोपेतून उठून त्या गढूळ पाण्यात नाचत होतास आणि मला तुझ्याकडं बघवेना. उन्हाळ्यात ते बोअर आटलं. बाग तोडून सरपणाला विकली. नवस तेवढा राहिला. तुला सांगितलं नाही कधी, फक्त म्हणत राहिलो, देवाला तू हवा आहेस.

तुझ्या नावाचा शमुवेल देवाची हाक ऐकून तीनदा म्हाताऱ्या याजकाकडं, एलीकडं धावला. एली म्हणाला, मी नाही बोलावलं, जा नीज. मला तसं म्हणता येत नाही रे. मी बोलावलं होतं.

पणजोबा जालन्याजवळच्या बेथेलच्या मंडळीतले, हे तू लहानपणी सगळ्यांना सांगत फिरायचास. ते गाव वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांना काही बापानं नवस बोलून धाडलं नव्हतं. म्हणून परत विचारतो. माझ्यासाठी असेल तर परत ये. वावर आहे, घर आहे, कोणी काही बोलणार नाही. बोललं तर मी बघतो. गिदोनाच्या बापानं अख्ख्या गावासमोर लेकाची बाजू घेतली होती.

पण आजीचे शेवटचे दिवस आठवतात. तू उशाशी बसून तेविसावं स्तोत्र वाचत होतास. पहिल्याच शब्दाला, 'परमेश्वर' म्हणताना अडलास. किती वेळ! ती ओठ हलवत थांबली होती. तू पुस्तक मिटलं नाहीस. मी दाराआड उभा होतो, आत यायचा धीर झाला नाही. तुला वाचायला मी सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटेच्या गाडीला मायला बसवून देतो. डब्यात धपाटे आहेत, आणि शेंगदाण्याची चटणी. मी येत नाही. मी पुढं बसलो की तू माझ्याच तोंडाकडं बघशील.

तुझे
अण्णा