पत्रिका छापायच्या आधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

हळदीला ड्रोन सांगितलायस, असं तुझ्या पप्पांकडून कळलं. येऊ दे ड्रोन. पण हळद लावणार कोण, हे अजून घरात ठरलेलं नाही. फोनवर ते बोलता येत नाही, कारण मी फोन घेतला की आजी शेजारी येऊन बसते. म्हणून आपलं कागदावर लिहितेय. शेजारच्या पोराकडून याचे फोटो काढून तुला पाठवीन.

आधी मुद्द्याचं सांगते. घाणा भरायला पाच जणी बसतात, त्यात धाकटी काकी बसावी आणि तुला पहिली हळद तिनं लावावी, अशी माझी इच्छा आहे. पुण्यात बसून तुला वाटेल, यात काय एवढं? इथं आहे.

काका गेला तेव्हा तू तिकडंच अडकला होतास. २०२१ चा मे महिना. मी पॉझिटिव्ह म्हणून माडीवरच्या खोलीत. काकाला दवाखान्यातून घरी आणलंच नाही, सगळं परस्पर उरकलं. पप्पा लांबूनच हात जोडून परत आले. गल्लीत कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं. पण बांगड्या फोडायला चौघी जणी आल्या. तोंडाला पदर बांधून आल्या, पण आल्या. मला वरून नुसता आवाज ऐकू आला. रोगाच्या भीतीनं माणसं मातीला आली नाहीत, आणि या रीतीला मात्र कुणाला भीती वाटली नाही. याचा उलगडा मला अजून झालेला नाही. काकी तेव्हा पंचेचाळीशीची होती.

पुढच्याच वर्षी हेरवाडची बातमी आली. म्हणजे आपल्याच शिरोळ तालुक्यातली, कुरुंदवाडच्या शेजारची. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात, तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ठराव बाईनं मांडला आणि अनुमोदनही बाईनंच दिलं. यामागं खटपट होती करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची. त्या गृहस्थांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं की माझ्यामागं माझ्या बायकोवर ही रीत लादू नका. मला ते फार आवडलं होतं. पप्पांना म्हटलं, तुम्ही पण द्या लिहून. ते म्हणाले, आधी मला मरू तर दे. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सरकारनं परिपत्रक काढलं की सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडसारखं करावं. ग्रामविकास मंत्री तेव्हा आपल्या कागलचेच होते. हातकणंगल्याच्या माणगावानंही लगोलग ठराव केला. १९२० साली बाबासाहेबांच्या परिषदेला शाहू महाराज आले होते, तेच माणगाव. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

आपल्या गावानंही केला ठराव. टाळ्या झाल्या, चहा झाला. मी अंगणवाडीची बाई, घराघरांत जाते, त्यामुळं पंचायतीतल्या कागदाचं उंबऱ्याच्या आत काय होतं ते मला बघायला मिळतं. बांगड्या फोडणं खरोखर कमी झालंय. सुना-पोरी मध्ये पडतात. "ठराव झालाय पंचायतीत" एवढं म्हणायला त्यांना आधार मिळाला. माळावरच्या एका घरात तर पोरानं आईच्या हाताला कुणाला शिवू दिलं नाही. कागदी घोडे म्हणून ठरावाला हसणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे बघावं.

पण काढून घेणं थांबलं म्हणून बोलावणं थोडंच आलं? संक्रांतीचं वाण, ओटी, बारशाचा पाळणा, नव्या सुनेला ओवाळणं, यातलं काहीही घे. येऊ नको असं कुणी म्हणत नाही, आणि ये असंही म्हणत नाही. ती बाई आपणच कणीक मळायला आत जाते. "करू नये" असं ग्रामसभा चार वेळा लिहील. "बोलवा" असं कसं लिहिणार? ते ज्याच्या दारात मांडव आहे त्यानंच करायचं असतं. आणि यंदा मांडव आपल्या दारात आहे.

मध्यंतरी ठिकठिकाणी विधवा बायकांचे हळदीकुंकवाचे कार्यक्रम झाले, पेपरात फोटो आले. चांगलं केलं. पण मला त्यात एक खटकायचं. त्यांचं वेगळं हळदीकुंकू कशाला? आमच्याच हळदीकुंकवाला बोलवा की. शिवाय कुंकू लावायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्यावं. काकी आता हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या घालते, तू बघितल्या असशील. त्या तिनं आपणहून घातल्या, कुणी काही बोललं नाही. कुंकू लावत नाही, बारीक टिकली लावते. तिला तेवढंच बरं वाटत असेल तर तेवढंच बरं. माझं मागणं तिच्या कपाळाचं नाही. तिला मानानं पाटावर बसवायचं आहे, इतकंच.

मनात सलत असलेली आणखी एक गोष्ट लिहिते, रागावू नको. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या हुकमानं गुजरातला, अंबानींच्या वनतारात नेली, तेव्हा तू रोज व्हिडिओ पाठवत होतास. १९९२ पासून ती मठात होती, पोरंसोरं तिच्यासमोर वाढली. मीही रडले. तिच्या पायांचं दुखणं होतं म्हणतात, कोर्टानं तिच्या तब्येतीचा विचार केला तेही अगदीच चुकीचं नसावं, असं मी एकदा बोलले, तर दोन दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत मूक पदयात्रा निघाली, ४५ किलोमीटर. पप्पांचा गुडघा तुला माहीत आहे. तरी चिकाटीनं बरेच चालले. जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान, सगळे एका रस्त्यावर. अंबानींच्या जिओवरचा राग म्हणून लोकांनी मोबाईलची कार्डं बदलली. शेवटी तिला परत आणायची बोलणी करावी लागली. मला त्या दिवशी आनंद झाला आणि हेवाही वाटला. हत्तिणीची आणि बाईची तुलना करू नये, कबूल. पण एवढं चालू शकणारी माणसं घरातल्या माजघरापासून मांडवापर्यंत एका बाईला घेऊन येऊ शकत नाहीत, हे काही मनाला पटत नाही.

आता सातबाऱ्याचं. सगळे कुंकवाचं बोलतात, मला याची जास्त काळजी असते. काका मेमध्ये गेला आणि जुलैत पूर आला. पंचनामे झाले, पण जमीन काकाच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, मग अनुदान अडकलं. भावकीतून सल्ला आला की पोराचं एकट्याचं नाव लावा, बाईचं कशाला, पुढं कटकट. पप्पांनी ऐकलं नाही, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. काकी, तिचा मुलगा आणि सासरी गेलेली मुलगी, तिन्ही नावं फेरफाराला लागली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण हेलपाटे तेवढेच. आज उसाचं बिल काकीच्या खात्यावर येतं, सोसायटीचं कर्ज तिच्या सहीनं निघतं. त्याच महिन्यांत आमच्या अंगणवाडीतल्या एका लेकराची आई अशीच विधवा झाली. तिचं नाव लागलं नाही. ती आता माहेरी आहे, वाट्याला काही आलं नाही. तिच्या बांगड्या कुणी फोडल्या नव्हत्या.

तुझ्या चुलतभावाचं तर तू ऐकतोसच. अडीच एकर बागायत, ठिबक, दोन म्हशी, पोरगा निर्व्यसनी. तरी स्थळं येतात आणि जातात. पहिला प्रश्न, पुण्यात काही आहे का? दुसरा, वडील नाहीत? सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात लग्नाळू पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. मुली कमी का झाल्या हे सगळ्यांना माहीत आहे, आणि उरलेल्या मुलींनी शेणगोठ्याला नाही म्हटलं तर त्यांना तरी काय बोलायचं? मी स्वतः पंधरा माणसांच्या भाकरी थापल्यात. पण परवा एका मध्यस्थानं काकीला सांगितलं की मुलगी बघायला जाताना तुम्ही येऊ नका, अक्कांना पाठवा. म्हणजे मला. मी गेले नाही. तो पाहुणा दुखावला, दुखावू दे.

आता आजीचं. तिला नुसतं जुन्या वळणाची म्हणून सोडून देऊ नको. आजोबा गेले तेव्हा पप्पा शाळेत होते. आमच्या लग्नात ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, अक्षताही तिनं आतूनच टाकल्या. मी उंबरा ओलांडून आत आले तेव्हा ओवाळायला चुलत सासूबाई होत्या. परवा मी हळदीचा विषय काढला तर ती अपशकुन वगैरे काही बोलली नाही. म्हणाली, "मग मी एवढी वर्षं मागं उभी राहिले ते कशासाठी?" याला उत्तर काय द्यायचं ते मला सुचलं नाही. तुम्ही पण बसा आत्ती, म्हटलं. तर उठून परड्यात गेली. ती बसेल असं वाटत नाही. पण रागावलेली आहे की आणखी काही, हेही मला नक्की सांगता येत नाही.

काकीला विचारलं, ती आजीच्या वरचढ. "अक्का, नको. उद्या पोराला साधा ताप आला तरी माझ्यावर येईल." तिचं खरं आहे. गाव बोलतं तेव्हा ठराव आठवून बोलत नाही. तुमच्या पहिल्या वर्षात काहीही खुट्ट झालं, तरी कुणीतरी तिच्याकडं बोट दाखवणारच. म्हणून मी तिला आग्रह करणं बरोबर नाही. माझ्या आग्रहाचा भार तिच्यावरच पडतो. तू नवरा मुलगा. तू म्हणालास की काकी, तुझ्या हातची हळद मला हवी, तर ती गोष्ट तुझ्या अंगावर राहील. आणि उद्या कुणी बोललं तर "मीच बोलावलं होतं" हे चारचौघांत म्हणायची तुझी तयारी आहे का, ते आधी स्वतःला विचार. नसेल तर फोन करू नको. अर्धवट बोलावण्यापेक्षा आहे ते बरं.

होणाऱ्या सूनबाईंना सांग, लपवू नको. विहीणबाईंशी मी बोलले. त्या म्हणाल्या, आमच्याकडं असलं काही नाही, तरी सासूबाईंना विचारून सांगते. म्हणजे त्यांच्याही फोनशेजारी कुणीतरी बसतंय.

गावाकडचं बाकी ठीक. उसाला अजून तोड आलेली नाही, टोळीचा मुकादम रोज उद्या म्हणतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचं चाललंय, त्यावरून पप्पा आणि त्यांचे दोस्त पारावर भांडतात, एकाच बाजूचे असून. निवडणुकीची हवा आहे, त्यामुळं रस्त्यावर मुरूम पडलाय. गडंगणेराची, म्हणजे केळवणांची, यादी करतेय. तू दोन रविवार आधी ये, नाहीतर लोक रागावतात.

काकीला फोन करणार असलास तर संध्याकाळी सातनंतर कर. त्याआधी ती डेअरीला दूध घालायला गेलेली असते.

तुझी,
आई

ता. क. पत्रिकेचा नमुना बघितला. माझ्या नावाआधी सौ. आणि काकीच्या नावाआधी गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी, छापलंय. सगळ्या विधवांना गं. भा. म्हणावं, असं २०२३ मध्ये सरकारातच कुणाला तरी सुचलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. दोन्ही काढून टाक आणि नुसती नावं छाप. छापखान्यात शनिवारपर्यंत कळवायचं आहे, आणि यादीत काकीचं नाव माझ्या शेजारी घे, खालच्या ओळीत नको.