टेलरकाका, तुमच्या पोत्यातल्या कतरणीचं काय झालं

आदरणीय टेलरकाका,
सा. न. वि. वि.

ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठीच्या यंदाच्या गोधड्या शिवून, धुवून, वाळवून तयार आहेत. वरचं सगळं कापड तुमच्या दुकानातलं. समोर येऊन आभार मानले असते तर "अहो, कचराच तो" म्हणत तुम्ही विषय बंद केला असता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. दुसऱ्या गावच्या टेलरांनीही ते वाचावं, हाही हेतू आहे. कतरण पोत्यात कोंबून देणारे पुष्कळ मिळतात. तुम्ही ती निवडून देता, आणि गोधडीचं अर्धं काम तिथेच होतं.

एरवीच्या पोत्यात काय निघतं ते तुम्हाला माहीत आहे. ब्लाउजची रुबिया, अस्तराचं सिंथेटिक, जॉर्जेट, बनियनचं ताणलं जाणारं कापड, गणवेशाचं टेरीकॉट, जरीचे काठ, दोऱ्यांचे गुंते आणि मधेच एखादी टाचणी, सगळं एकत्र. ते वेगळं करण्यातच दिवस जातो. तुम्ही कापायच्या टेबलाखाली दोन पिशव्या टांगल्यात, एक निव्वळ सुतीची आणि एक बाकी सगळ्याची. कापड हातात असतानाच ते कुठलं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, कारण गिऱ्हाईकाला तुम्हीच ते सांगितलेलं असतं. आम्हाला तेच नंतर एकेक तुकडा काडीने जाळून पाहावं लागतं. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि मागे मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. टेरीकॉटमध्ये दोन्ही थोडंथोडं दिसतं, आणि तिथेच फसायला होतं.

सुतीचाच आग्रह का, हे पुष्कळ लोक विचारतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि पलीकडे कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात. चूल कोपीच्या आत नाहीतर दारातच. ठिणगी उडाली तर सुतीला भोक पडतं आणि ते विझवता येतं. पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. त्यामुळे थंडीसाठी कितीही ऊबदार वाटलं तरी सिंथेटिक कापड, फोम किंवा फायबरचं भरण यांतलं काहीही या गोधड्यांत जात नाही. दुसरं कारण धुण्याचं. पाणी लांबून आणायचं असतं आणि वाळवायला एकच दिवस मिळतो. पाच थरांची जाडजूड गोधडी दिसायला मायेची वाटते, पण ती संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि ओलसर राहून कुबट वास धरते. म्हणून मुलांच्या गोधडीला चारच थर: वरचा तुकड्यांचा, मधे जुन्या साडीचे दोन, खाली एक.

तुमचा दुसरा उपकार उभ्या-आडव्या धाग्याचा. शर्टाच्या कतरणीवर तुम्ही काठ ठेवून देता, कापून टाकत नाही. काठाला समांतर तो उभा धागा, हे कुणालाही कळतं. उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा अधिक, आणि उरेब, म्हणजे तिरका, तर रबरासारखा. बगलेखालची, गळ्याची कतरण बहुतेक उरेबातच असते. तिचा चौकोन कापताना तो अगदी बरोबर दिसतो, पण मशीनखाली एक बाजू लांबते आणि गोधडीची कड लाटेसारखी उठते. मग कितीही इस्त्री फिरवा, ती बसत नाही. असे तुकडे आता वेगळे काढतो आणि पातळ सुती कापडावर टाचूनच वापरतो. खालचं कापड त्यांना ताणू देत नाही.

अरुंद पट्ट्यांचंही तसंच. सलवारच्या बाजूने निघालेल्या इंच-दीड इंचाच्या पट्ट्या तुम्ही गुंडाळून सुतळीने बांधून देता. त्यांचे ठोकळे असे होतात: जुन्या साडीचा ६.५ इंचाचा चौकोन घ्यायचा, पहिली पट्टी सुलटी बाजू वर करून कर्णावर ठेवायची, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून कडेने शिवायची, पलटून नखाने किंवा इस्त्रीने दाबायची, मग तिसरी. कोपऱ्यापर्यंत चौकोन भरला की उलटा करून खालच्या कापडाच्या मापाने कडा छाटायच्या. शिवल्यावर तो ६ इंचाचा उरतो. ३६ बाय ४८ इंचाच्या मुलाच्या गोधडीला असे ४८ ठोकळे लागतात, ६ आडवे आणि ८ उभे. खाली साडीचं कापड आल्यामुळे इथे मधला एक थर कमी करता येतो. वर्तमानपत्रावर शिवून नंतर कागद फाडायची पद्धतही आहे, पण शाई फिक्या कापडाला लागते आणि फाडताना टाके सैल होतात. आम्हाला कापडच बरं वाटतं.

नुसत्या चौकोनांची गोधडी करायची तर ४.५ इंचाचे तुकडे कापायचे, शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच. ९ आडवे, १२ उभे, एकूण १०८. ४४ इंची पन्ह्याच्या अखंड कापडातून एवढे तुकडे १.४ मीटरमध्ये निघतात, पण कतरणीतून काढताना आकार वेडेवाकडे असल्याने जवळपास दुप्पट कापड हाताशी लागतं. मोठ्या माणसाची ६० बाय ८४ इंचाची करायची तर ३१५ तुकडे. हा हिशोब आधी सांगितला नाही तर लोक उत्साहाने मोठ्या मापाला हात घालतात आणि दोनशेव्या तुकड्याला काम माळ्यावर जातं.

इथे तुमची शिकवण फार उपयोगी पडली. कपडे शिवताना तुम्ही अर्धा-पाऊण इंच माया सोडता, पुढे उसवून सैल करायची म्हणून. गोधडीला ती सवय मोडावी लागते, कारण पाव इंच म्हणजे पाव इंचच. एका शिवणीत दोन्ही तुकडे मिळून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं, तर ९ तुकड्यांच्या ओळीत ८ शिवणी, म्हणजे आठ सूत, म्हणजे अख्खा इंच. एक ओळ इंचभर आखूड आणि शेजारची बरोबर, मग कोपरे जुळणार कसे? मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर जाड चिकटपट्टी लावायची युक्ती तुमची. तीन तुकडे जोडले की लगेच मोजायचं, १२.५ इंच भरले पाहिजेत. बारा भरले तर तिथेच उसवायचं, दहा ओळी झाल्यावर नाही.

शिवणी दाबतानाही एक बारकावा आहे. पहिल्या ओळीच्या सगळ्या शिवणी डावीकडे दाबल्या तर दुसरीच्या उजवीकडे. ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरा आपसूक जुळतो. इस्त्री उचलून ठेवायची, ओढायची नाही. ओढली की चौकोन तिरका होतो.

रंगाबद्दल मात्र तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं तुम्ही म्हणता, आणि पुष्कळजण तसंच म्हणतात. कापड रंगवतानाच्या कामात मीठ लागतं हे खरं, पण कच्चा रंग नंतर मिठाने पक्का होत नाही. खणाच्या आणि गडद लाल, मरून, काळा-निळा या रंगांच्या कतरणीवर ओलं पांढरं फडकं दाबून पाहतो. रंग लागला तर ती कतरण वेगळी, कोमट पाण्यात पुन:पुन्हा धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. तीनचार पाण्यांतही सोडतच राहिली तर ती गोधडीत नाही. कोरं कापडही एक रात्र भिजवावं लागतं, कारण खळ निघते आणि आटायचं तेवढं आटतं. जुन्या साडीचं कापड आधीच आटलेलं असतं. वरचं कोरं पहिल्या धुण्यात आटलं की गोधडी चुरगळल्यासारखी गोळा होते.

साड्या आम्हाला घरोघरून मिळतात, त्या निवडायची पद्धत सांगून ठेवतो. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायची. चर्र आवाज आला तर कापड कुजलंय. उजेडासमोर धरली की निऱ्यांच्या भागातली झिरझिर दिसते. सहावारी सुती साडीतून ५० इंचांचे चार तुकडे निघतात. तीन एका गोधडीच्या खालच्या आणि मधल्या थरांना, चौथा पट्ट्यांच्या ठोकळ्यांना. जरीचा काठ काढून टाकायचा, तो टोचतो. सुती काठ मात्र जपून ठेवायचा. त्याची अडीच इंची पट्टी कडेला दुमडून लावली की वेगळी पायपिंग लागत नाही. गोधडीची कड सरळ असते, म्हणून तिला उरेब पट्टीची गरजच नाही. सरळ काठ उलट जास्त टिकतो.

आता थर लावायचं काम. खालचं कापड जमिनीवर उलटं, चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताठ, पण ताणून नाही. ताणलं तर सोडल्यावर ते आत येतं आणि वरच्याला चुण्या पडतात. मग मधले थर, मग वरचा, हाताने मधून कडेकडे निपटत. कच्चा टाका मधून सुरू करून चार-चार इंचांवर जाळीसारखा घालायचा. गोधडी असो, वाकळ असो की सीमेकडची कौदी, जुन्या बायका धावदोरा कडेने सुरू करून फेरे घेत आत जातात. ती रीत सुंदर दिसते, आम्हीही तीच ठेवली आहे. पण कच्चा टाका विरळ असेल तर प्रत्येक फेऱ्याबरोबर सैल कापड आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. त्याला उसवण्याशिवाय इलाज नाही. नवशिक्यांनी मधून बाहेर शिवावं, फुगा कडेला निघून जातो.

दोन ओळींत एक इंच अंतर. दोन इंचांच्या पुढे गेलं की जुनी मऊ साडी धुण्यात आत सरकते आणि गोळे होतात. अर्ध्या इंचावर शिवलं तर गोधडी कडक होते. दोरा सुती, मेणावरून ओढलेला, हातभराहून लांब नको. लांब घेतला की सुई ओवायचे कष्ट वाचतात, पण कापडातून शंभरदा जाऊन त्याचं शेवटचं टोक पिंजतं आणि नेमकं तेच आधी तुटतं. दाभण वापरू नये, त्याची भोकं राहतात. गाठ हलकेच ओढून थरांच्या आत घ्यायची, कारण मुलं दोऱ्याचं टोक ओढत बसतात.

मशीनवर थर शिवताना वरचं कापड पुढे सरकतं, हे तुम्ही पहिल्याच वेळी ओळखलंत. खालचे दाते खालच्या कापडाला ओढतात आणि वरचा पाय वरच्याला अडवतो. पायाचा दाब कमी करा, टाका लांब करा, १६ नंबरची सुई लावा. या तीन गोष्टी तुम्ही सांगितल्यात आणि चुण्या थांबल्या. १४ नंबर नुसते तुकडे जोडायला पुरते, चार थरांच्या शिवणीवर ती वाकते.

शेवटचा नियमही तुमच्या दुकानातला आहे. सकाळी डबीत मोजून ठेवलेल्या सुया-टाचण्या संध्याकाळी मोजून परत. एक कमी आली तर त्या दिवशीची कोणतीही गोधडी बाहेर जात नाही. वर लोहचुंबक फिरवायचं, मग गोधडी दुमडून, चुरगळून हाताने चाचपायची. बटणं, टिकल्या, लटकणारे गोंडे लावायचे नाहीत. तान्ह्या बाळांसाठी वेगळं, पातळ दुपटं देतो आणि ते अंगाखाली अंथरायचं आहे, अंगावर टाकायचं नाही, हे देताना आईला सांगतो. सगळं झाल्यावर गोधडी एकदा धुऊनच द्यायची. रंग सुटायचा असेल, कड उसवायची असेल तर ते आमच्या दोरीवर कळलेलं बरं. आणि नेण्याआधी साखरशाळेत (तोडणी कामगारांच्या मुलांच्या शाळेत) किंवा टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे विचारायचं, मुलं किती, कुठल्या वयाची. वीस मुलांच्या तळावर बारा गोधड्या घेऊन जाऊ नये.

एक विनंती आहे. जूनमधल्या गणवेशांची कतरण "बाकी"च्या पिशवीतच राहू द्या, पण टाकू नका. टेरीकॉट गोधडीला चालत नाही, तरी ते झिजत नाही आणि लवकर वाळतं. त्याची पायपुसणी आणि पिशव्या उत्तम होतात. सुती पिशवी मात्र गणपतीपूर्वी मिळाली तर बरं. कापणं, भिजवणं, जोडणं आणि हाताचा धावदोरा धरून दिवाळीपर्यंतचा वेळ जेमतेम पुरतो.

हे पत्र घेऊन येणाऱ्या मुलीकडे खाकी-निळ्या पट्ट्यांचं एक पायपुसणं दिलं आहे. मागच्या जूनच्या गणवेशांचंच आहे. तुमच्या मशीनच्या पायट्याखालची फरशी गार असते, तिथे अंथरा. खाली गोणपाट लावलंय, सरकणार नाही.

तुमच्या कृतज्ञ,
गोधडी शिवणाऱ्या आम्ही सगळ्याजणी